‘जहाल’ म्हणावं की ‘मूलगामी’?

वडोदऱ्याहून एका ताईंनी भाषणाचा मसुदा पाठवून विचारलंय: विश्वामित्री नदीच्या पुरावर मराठी मंडळात बोलायचं आहे, त्यात पर्यावरणवाद्यांमधले मतभेदही येणार. समाज मुळापासून बदला म्हणणाऱ्यांना ‘जहाल’ आणि आहे त्यातच डागडुजी सुचवणाऱ्यांना ‘मवाळ’ म्हटलं तर चालेल का? की गुजरातीसारखं ‘उद्दामवादी’ म्हणावं?

‘उद्दाम’ तेवढा टाळा. गुजरातीत तो शब्द सभ्य आहे. मराठीत उद्दाम म्हणजे उर्मट, बेबंद. वडोदऱ्यात दोन्ही भाषा एकाच तोंडात नांदतात, त्यामुळे हे चटकन निसटतं.

‘जहाल’ मूळचा विषाला, तिखटाला लागणारा शब्द. राजकारणात तो रुळला तो टिळकपक्षामुळे. 1907 साली तुमच्या शेजारच्याच सुरतेत काँग्रेस फुटली तेव्हा जहाल-मवाळ ही जोडी घरोघर पोचली होती. पण त्या जोडीत मोजला जातो तो आवेश आणि मार्ग. सरकारशी झगडायचं की अर्जविनंत्या करायच्या, एवढंच. टिळक जहाल खरे, पण मुलींचं संमतिवय वाढवणाऱ्या 1891 च्या विधेयकाला त्यांनी विरोध केला. समाजरचनेच्या मुळावर घाव घालत होते ते आगरकर, आणि त्यांना आपण ‘सुधारक’ म्हणतो! म्हणजे किती तापून बोलतो आणि किती खोल खणतो, ही दोन वेगळी मापं आहेत. खोलीसाठी ‘मूलगामी’ बरा. ‘आमूलाग्र’ बदलाला लावा, माणसाला नको. ‘कट्टर’ म्हटलं की निष्ठा कळते, विचार कळत नाही.

पर्यावरणाच्या वादात हा फरक फार उपयोगी पडतो. नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस यांनी 1973 च्या लेखात पर्यावरण-चळवळीचे ‘उथळ’ आणि ‘सखोल’ असे दोन प्रवाह सांगितले. प्रदूषण कमी करा, साधनं जपून वापरा, एवढ्यावर थांबणारा तो उथळ. (‘उथळ’मधला टोमणा मूळ लेखातलाच आहे, मराठीत तो सौम्य करू नका.) नेस यांच्या मते दुखण्याचं मूळ, माणूस स्वतःला बाकी सृष्टीच्या वर समजतो, त्यात आहे. अमेरिकन विचारवंत मरे बुकचिन हेही मूलगामीच, पण त्यांच्या मते दुखण्याचं मूळ दुसरीकडे: माणसाची माणसावरची सत्ता गेल्याशिवाय निसर्गावरची जाणार नाही. 1987 मध्ये त्यांनी सखोलवाद्यांवर सडकून टीका केली. दोन वर्षांनी इतिहासकार रामचंद्र गुहांनी वेगळाच मुद्दा काढला. श्रीमंत देशांची उधळपट्टी आणि विषमता बाजूला ठेवून निव्वळ अरण्य राखायला निघालात, तर आपल्याकडे त्याचा भार जंगलाकाठच्या गरिबावर पडतो. तेव्हा ‘मूलगामी’ लिहिलं की मूळ कोणतं, हेही त्याच वाक्यात आलं पाहिजे; नाहीतर तिघे एकाच पोत्यात जातात.

दुसऱ्या बाजूला ‘मवाळ’ नको, ‘सुधारणावादी’ लिहा. उद्योग, बाजार, सरकार आहेत तसेच ठेवून तंत्र आणि कायदा सुधारा, असं म्हणणारा माणूस कोर्टात चांगलाच आक्रमक असू शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या 1987 च्या ब्रुंटलँड अहवालातला ‘शाश्वत विकास’ याच वळणाचा.

तुमच्या विश्वामित्रीलाच हे लावून बघा. ऑगस्ट 2024 च्या पुरानंतर गाळ काढा, पात्र रुंद करा, नाले साफ ठेवा म्हणणारा सुधारणावादी, मग तो महापालिकेच्या दारात कितीही घसा फोडो. कोतरं (नदीकाठच्या घळी) बुजवून उभ्या केलेल्या इमारतींचं काय, नदीला पसरायला जागा सोडून शहर वाढवायचं की तिला भिंतीत घालून, हा प्रश्न चहा घेता घेता शांतपणे विचारणारा मूलगामी. नदीतल्या मगरींनाही पुराच्या पट्ट्यात हक्काची जागा आहे म्हणणारा नेस यांच्या जवळचा. त्या पट्ट्यातल्या झोपड्या आधी उठतात आणि बंगले का राहतात, असं विचारणारा गुहांच्या.

तुमच्या मसुद्यातलं ‘जहाल विचारवंत नेस’ मात्र बदला. 1970 मध्ये मार्डोला धबधबा वाचवायला ते आंदोलकांबरोबर बसले आणि पोलिसांनी त्यांना उचलून नेलं, पण तो सत्याग्रह होता आणि ते गांधींचे अभ्यासक. ‘मूलगामी विचारांचे, अहिंसक मार्गाचे नेस’ असं लिहा.