गुरूला कडी आहेत म्हणतात, मग माझ्या 8 इंची दुर्बिणीतून ती का दिसत नाहीत?

कडी खरोखरच आहेत, पण शनीसारखी बर्फाच्या तुकड्यांची नाहीत. दिसते ती प्रामुख्याने धूळ, मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) मापाची. इतका बारीक कण प्रकाश उलट फेकत नाही, बराचसा पुढेच पसरवतो. घरात कवडसा येतो तेव्हा बघा: उजेडाच्या दिशेला तोंड केलं की धूळ चमचमते, पाठ केली की तीच धूळ जवळपास नाहीशी होते.

पृथ्वीवरून आपली सूर्याकडे कायम पाठच असते, कारण गुरूपाशी होणारा सूर्य-गुरू-पृथ्वी हा कोन 12 अंशांपुढे जात नाही. त्यात कड्यांहून दहा लाख पट तेजस्वी ग्रह शेजारी. मोठी दुर्बीण घेतलीत तरी तो झगमगाटही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून मार्च 1979 मध्ये व्हॉयेजर 1 या यानाला कडं अंधूक सापडलं, आणि जुलैत व्हॉयेजर 2 ने गुरूपलीकडे जाऊन सूर्याच्या दिशेला मागे वळून पाहिलं तेव्हा ते लख्ख उजळलं. पृथ्वीवरून पाहायचं तर अवरक्त प्रकाशात, 2.2 मायक्रॉनच्या आसपास. तिथे गुरूवरचा मिथेन सूर्यप्रकाश गिळतो आणि ग्रह काळवंडतो.

ही धूळ येते कुठून, हा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो. मुख्य कडं गुरूच्या केंद्रापासून 1,22,500 ते 1,29,000 किमी. बाहेरची कड अ‍ॅड्रास्टिया या छोट्या चंद्राच्या कक्षेपाशी, मेटिस हा दुसरा चंद्र थोडा आत. उल्काकण या चंद्रांवर आदळतात. जेमतेम 16 किमीच्या अ‍ॅड्रास्टियाचं गुरुत्व इतकं क्षीण, की उडालेली धूळ परत खाली येतच नाही. मोठ्या चंद्राने ती धरून ठेवली असती. बाहेरची दोन विरळ कडी अमाल्थिया आणि थीबी या चंद्रांची. चंद्राची कक्षा जितकी कललेली, तितकंच कडं जाड: अमाल्थियाचं सुमारे 2,300 किमी, थीबीचं 8,400. कण जन्मदात्या चंद्राचा कल सोडत नाहीत, फक्त कक्षेची दिशा हळूहळू फिरत जाते, म्हणून वरची-खालची कड जास्त उजळ दिसते. गॅलिलिओ यानाच्या चित्रांत हे स्पष्ट आहे.

तुमच्या फोटोत गुरूच्या दोन्ही बाजूंना रेघ आली असेल, तर एकदा कॅमेरा आणि एकदा दुर्बिणीची नळी थोडी फिरवून पुन्हा फोटो घ्या. दोन्हींपैकी एकासोबत रेघ फिरली, तर ती उपकरणातून आलेली आहे. दुर्बीण न्यूटोनियन (आरशांची) असेल तर आधी दुय्यम आरसा धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर संशय घ्या.