प्रभाग समिती आणि कॉलनीची समिती

प्रश्न : आमच्या कॉलनीत ४२ घरे आहेत. गल्लीतील सहा इंची गटारवाहिनीला वरच्या दोन गल्ल्यांचे सांडपाणी जोडलेले असल्यामुळे पावसाळ्यात कोपऱ्यावरचे चेंबर तुंबते आणि पाणी ओट्यापर्यंत चढते. आम्ही महिलांनी मिळून एक समिती केली आहे. तिला प्रभाग समिती म्हणून मान्यता मिळेल का? मिळत नसेल, तर आम्ही कोठे दाद मागावी?
(एक वाचक भगिनी, खान्देश)

उत्तर : आपल्या समितीला प्रभाग समिती म्हणता येणार नाही, कारण प्रभाग समिती कायद्याने स्थापन होते. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. आपण शहराचे नाव कळवलेले नाही. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार आणि धुळ्याची सुमारे ३ लाख ७५ हजार होती, त्यामुळे या दोन्ही महानगरपालिकांना ही तरतूद लागू होते, तर पावणेदोन लाखांच्या थोडे पुढे असलेल्या भुसावळला हे बंधन नाही.

महानगरपालिका अधिनियमानुसार या समितीत त्या क्षेत्राचे नगरसेवक, प्रभाग अधिकारी आणि सामाजिक संस्थांतील जास्तीत जास्त तीन सदस्य असतात. पाणी, गटार, स्वच्छता यांच्या तक्रारी लवकर सोडवणे आणि आपल्या प्रभागांच्या खर्चाबाबत शिफारस करणे ही तिची कामे आहेत. म्हणजे आपले चेंबर थेट तिच्याच कक्षेत येते. मात्र त्या तीन जणांची निवड नगरसेवकच करतात आणि माझ्या मते या व्यवस्थेची सर्वांत दुबळी बाजू हीच आहे. ज्यांच्या कामाबद्दल प्रश्न विचारायचे, त्यांच्याच मर्जीने आत जावे लागत असेल, तर तेथे मोकळेपणाने बोलणे कठीण जाते. शिवाय समितीची मुदत महानगरपालिकेच्या मुदतीबरोबर संपत असल्याने प्रशासकाच्या काळात ती नसतेच.

म्हणून आपण क्षेत्रसभेचा आग्रह धरावा, असे मला मनापासून वाटते. याच अधिनियमाच्या २००९ च्या दुरुस्तीने आलेल्या या सभेत लगतच्या मतदान केंद्रांच्या यादीतील प्रत्येक मतदार सदस्य असतो, म्हणजे आपल्या ४२ घरांतील मतदार भगिनींना कोणाच्याही नियुक्तीची गरज नाही. ती भरवावी म्हणून नगरसेवकांना सह्यांचे निवेदन द्या, त्याची प्रत प्रभाग अधिकाऱ्यांना द्या आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय परतू नका. निवेदनात “गटार दुरुस्त करावे” एवढेच न लिहिता वाहिनीचा व्यास, जोडलेल्या गल्ल्या आणि चेंबरची नेमकी जागा लिहा, कारण अभियंत्याला अंदाजपत्रक त्यावरूनच करता येते. हे सारे दिवाळीपूर्वी व्हावे. महानगरपालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकात तरतूद नसलेल्या कामाला मार्चनंतर निधी मिळणे अवघड असते. पुढे उत्तर आले नाही, तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून प्रभाग समितीच्या बैठकांचे इतिवृत्त मागवा आणि आपला विषय तेथे मांडला गेला की नाही, हे स्वतः वाचून पाहा.