हायब्रीडचा रोड टॅक्स आणि शोरूमचा शब्द

प्रश्न : देवगडला माझी आंब्याची बाग आहे. १८ लाखांची स्ट्राँग हायब्रीड गाडी बुक केली. ‘बॅटरीवरपण चालते, रोड टॅक्स माफ’ असं सांगून सेल्समनने कोटेशनवर पेनाने ‘आरटीओ ०’ लिहून दिलं. आता पासिंगसाठी २ लाख १६ हजार मागतात. आरटीओकडे तक्रार करू का?

उत्तर : आरटीओकडे खेपा घालू नका, त्यांचा आकडा बरोबर आहे. महाराष्ट्रात माफी आहे ती निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या, हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्यांना. तुमच्या गाडीची बॅटरी इंजिन आणि ब्रेकिंगवर चार्ज होते, टाकीत पेट्रोल लागतंच. म्हणून तिला पेट्रोलचाच दर : १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२, त्यावर १३. माइल्ड हायब्रीडमध्ये तर मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, तिथे सवलतीचा प्रश्नच येत नाही. चार्जर लावायची प्लग-इन हायब्रीडही निव्वळ इलेक्ट्रिक ठरत नाही. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग आणि प्लग-इन हायब्रीडला माफी दिली होती. रोड टॅक्स हा राज्याचा विषय, त्यामुळे तिकडची सवलत सिंधुदुर्गात लागू होत नाही.

तुमचं भांडण आहे शोरूमशी, आणि तिथे तुमची बाजू भक्कम आहे. तो ‘आरटीओ ०’ लिहिलेला कागद जिवापाड जपा. सेल्समनचे व्हॉट्सअॅप मेसेज असतील तर एकही पुसू नका. पासिंग झालेलं नाही, हे तुमच्या फायद्याचं आहे. एकदा गाडी तुमच्या नावावर चढली की व्यवहार मोडणं जड जातं, म्हणून आत्ताच स्पीड पोस्टाने नोटीस द्या : टॅक्सची रक्कम शोरूमने सोसावी, नाहीतर बुकिंग रद्द करून सगळे पैसे परत करावेत. उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत द्या. तोवर बाकीचे पैसे भरू नका आणि ‘सगळं समजून घेतलं’ अशा छापील फॉर्मवर सही तर मुळीच करू नका. गोड बोलून ती घेतली जाते आणि पुढे तीच आपल्यावर उलटते.

ऐकलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. खोटी माहिती देऊन माल विकणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. शोरूम कुठलंही असो, तक्रार तुमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुदत २ वर्षं. आयोग टॅक्स माफ करणार नाही, तो अधिकार त्याला नाही. मात्र पैसे परत आणि नुकसानभरपाई देववू शकतो.