चेंडू दबला, पण वाढला कसा?

तू पाठवलेलं उसळत्या चेंडूचं अ‍ॅनिमेशन तीनदा पाहिलं. टायमिंग छान जमलंय, पण जमिनीवर आपटला की तो अचानक मोठा दिसतो. रुंदी वाढवलीस, उंची तेवढीच राहिली. कणकेचा गोळा तळव्याखाली दाबून बघ, पसरतो, वाढत नाही. उंची ८० टक्के केलीस तर रुंदी १२५ टक्के हवी. ताणताना उलट.

अँकर पॉइंट, म्हणजे ज्या बिंदूला धरून आकार दबतो-ताणतो तो, चेंडूच्या तळाशी आण, नाहीतर दबताना चेंडू जमिनीपासून सुटतो.

खरी गडबड होते ती सॉफ्टवेअरच्या आपोआप भरलेल्या फ्रेम्समुळे. तू वर गोल आणि खाली चपटा अशा दोनच ‘की’ (आपण स्वतः ठरवलेल्या मुख्य फ्रेम्स) दिल्यास, मधल्या सॉफ्टवेअरने भरल्या, म्हणून चेंडू हवेतच चपटा व्हायला लागतो. जमिनीला टेकण्याच्या एक फ्रेम आधी पूर्ण ताणलेली ‘की’ दे, लगेच पुढच्या फ्रेमला दबलेली. सेकंदाला २४ फ्रेम्स असतील तर दबलेला आकार एक-दोन फ्रेम्सच पुरे. वर पोचताना वेग मंदावतो, तिथे तो पुन्हा गोल हवा. ताण नेहमी जाण्याच्या दिशेत. तिरकी उडी असेल तर चेंडूही तिरका फिरव.

शनिवार पेठेतल्या तुमच्या वाड्याच्या अंगणात रबरी चेंडू टाकून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिप. खरा चेंडू फार कमी दबतो, आपण ते वाढवून दाखवतो. किती वाढवायचं हे मात्र वस्तूवर ठरतं: पाण्याचा फुगा भरपूर दबेल, लोखंडी गोळा अजिबात नाही. रविवारपर्यंत फुगा आणि गोळा दोन्ही करून पाठव, मला खरंच बघायचेत.