करी पॉइंट गार्ड आहे का, आणि पहिला नंबर कुणाचा?

तुझा प्रश्न असा की एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, इतिहासातला सगळ्यात भारी पॉइंट गार्ड (बॉल पुढं आणून टीमचा खेळ मांडणारा) कोण, मॅजिक जॉन्सन का स्टेफ करी, आणि सोबत लिहिलंयस की तुमच्या मिरजेच्या ग्रुपमध्ये एकजण हट्टाला पेटलाय की करी पॉइंट गार्डच नाही, तो शूटर, त्याला या यादीत धरायचंच नाही. अकरावीत आहेस म्हणतोस म्हणून एकेरीत बोलतो. मी साताऱ्याचा, शाळेपासून कॉलेज संपेपर्यंत याच जागेवर खेळलोय, आता संध्याकाळी पोरांना शिकवतो, त्यामुळं हा विषय माझ्या लय जवळचा आहे आणि उत्तर लांबणार आहे.

आधी सांगून टाकतो. माझा पहिला मॅजिक, दुसरा करी, अंतर थोडंच. तुमचा मित्र चुकतोय, पण पूर्ण चुकत नाहीये, त्याच्यावर शेवटी येतो.

आता मी कशावरून ठरवतो ते. आमच्या सरांचे वडील कृष्णेच्या कालव्यावर पाटकरी, म्हणजे शेतांना पाणी सोडणारे, होते. मी नववीत असताना विभागीय स्पर्धेला कोल्हापूरला गेलो होतो, पहिल्या हाफमध्ये मी सगळे पास आमच्या दोन चांगल्या शूटरनाच दिले कारण बास्केट तेच करत होते. दुसऱ्या हाफला समोरच्यांनी त्या दोघांनाच घट्ट धरलं, आणि उरलेले दोघं, ज्यांच्या हाताला अख्खा हाफ बॉल लागला नव्हता, त्यांना मोकळा शॉट मिळाला तरी हात उचलायला घाबरत होते. हरलो. एसटीत परत येताना सर शेजारी बसले आणि म्हणाले, हेडच्या वावराला पाणी कुणीबी देतंय रे, टेलला पाणी पोचवतो तो पाटकरी. हेड म्हणजे कालव्याचं तोंड, टेल म्हणजे शेवट. ज्याच्या घरी ऊस आहे, जो रात्री दारं धरायला गेलाय, त्याला हे वाक्य समजावून सांगायला लागत नाही. तेव्हापासून मी कुठलाही पॉइंट गार्ड बघताना एकच बघतो, की टीममधला चौथा-पाचवा माणूस याच्यामुळं किती मोठा होतो.

त्या मापानं मॅजिकच्या जवळ कुणी येत नाही. 6 फूट 9 इंच उंचीचा माणूस बॉल घेऊन पुढं येतोय, त्याला सगळ्यांच्या डोक्यावरून दिसतंय, आणि रिबाऊंड (चुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल) त्यानंच घेतला तर पास द्यायलाही कुणाची वाट बघायची नाही, तिथूनच फास्ट ब्रेक सुरू, समोरचे सावरायच्या आत हल्ला. त्याच्या लेकर्स टीममधले स्टार करीम अब्दुल-जब्बार आणि जेम्स वर्दी यांना कुणीही बॉल देईल, पण कर्ट रॅम्बिससारखा चष्मा लावून खेळणारा, अंगमेहनतीचा खेळाडू सुद्धा जीव तोडून पुढं पळायचा, कारण पळालो तर बॉल येणार हे त्याला माहीत होतं. पाचवा माणूस विश्वासानं पळतोय, ही पॉइंट गार्डची खरी कमाई. मॅजिकचे असिस्ट, म्हणजे ज्यावर लगेच बास्केट होते ते पास, मॅचला सरासरी 11.2, एनबीएत आजपर्यंत सगळ्यात जास्त. पाच विजेतेपदं, तीन एमव्हीपी (सीझनचा सगळ्यात मोलाचा खेळाडू).

आणि 1980 ची फायनल, सहावी मॅच, 16 मे, फिलाडेल्फियाला. करीमचा घोटा दुखावलेला म्हणून तो मॅचलाच आला नाही, आणि पहिल्याच सीझनमधला वीस वर्षांचा मॅजिक त्याच्या सेंटरच्या (बास्केटजवळच्या उंच खेळाडूच्या) जागेवर उभा राहिला. 42 पॉइंट, 15 रिबाऊंड, 7 असिस्ट आणि विजेतेपद. त्याच मॅचमध्ये त्याच्याच टीमच्या जमाल विल्क्सनं 37 पॉइंट केले हे फार कमी लोकांच्या लक्षात आहे, मला तर ते 42 इतकेच महत्त्वाचे वाटतात. सगळ्यात मोठा खेळाडू नसताना दुसऱ्या कुणीतरी 37 करावेत, हे आपोआप होत नाही.

खरं सांगायचं तर कॉलेज होईपर्यंत माझा पहिला नंबर जॉन स्टॉकटन होता. मी 5 फूट 7 इंच, त्यामुळं 6 फूट 1 इंचाचा, साध्या कपड्यातला शाळामास्तर वाटणारा हा माणूस मला आपला वाटायचा. 19 सीझन सगळे युटा जॅझकडून, 15,806 असिस्ट, 3,265 स्टील (समोरच्याकडून हिसकावलेले बॉल), दोन्ही रेकॉर्ड अजून त्याचेच. 1,504 मॅच खेळला आणि एवढ्या वर्षांत चुकवल्या फक्त 22. कार्ल मलोनबरोबरचा त्याचा पिक अँड रोल मी आजही पोरांना दाखवतो, स्क्रीन लागली, म्हणजे मलोन डिफेंडरच्या वाटेत उभा राहिला, की स्टॉकटन घाई करत नाही, मलोनच्या माणसाला एक पाऊल आपल्याकडं येऊ देतो आणि मग जमिनीवरून पास. विजेतेपद नाही म्हणून त्याला खाली टाकणं मला पटत नाही, 1997 आणि 1998 ला फायनलमध्ये समोर शिकागो बुल्सचा मायकल जॉर्डन होता, त्यात याचा काय दोष. तरी मी त्याला खाली आणला त्याचं कारण वेगळं आहे, मॅच अडकली की स्वतः ती हातात घ्यायची सवय त्याला कमी होती. 1997 ला ह्यूस्टनविरुद्ध शेवटच्या क्षणी थ्री (लांबच्या लाइनबाहेरून तीन पॉइंटचा शॉट) मारून त्यानं टीमला फायनलला नेलं, म्हणजे जमत होतं, पण तो तसं क्वचितच करायचा.

आता करी. तुमच्या मित्राचा मुद्दा असा असणार की याचे असिस्ट मॅचला सहा-साडेसहा, मॅजिकच्या निम्म्यापेक्षा थोडे जास्त, मग कसला पॉइंट गार्ड. पण असिस्ट म्हणजे काय ते बघ, शेवटचा पास कुणी दिला एवढीच नोंद. करी थ्रीच्या लाइनपासून दोन-तीन पावलं मागं उभा असतो तरी दोन डिफेंडर त्याच्या अंगावर जातात, तो त्याच्या वॉरियर्स टीममधल्या ड्रेमंड ग्रीनला बॉल सोडतो, आता ग्रीन धरून चार जण आणि समोर अडवायला तीनच, ग्रीन कोपऱ्यात पास देतो, बास्केट. असिस्ट ग्रीनच्या नावावर. करीच्या नावावर काहीच नाही, आणि सगळं घडलं त्याच्यामुळं. काही वेळा तर तो बॉलला हातही लावत नाही, नुसता स्क्रीनच्या मागून पळतो आणि दोघं त्याच्यामागं जातात. ग्रीन ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) 35 वा, त्याच टीमचा लूनी 30 वा, आणि दोघांच्याही नावावर आज एकापेक्षा जास्त विजेतेपदं आहेत. टेलला पाणी पोचलंय की.

2022 ची फायनल, चौथी मॅच. आपल्याकडं 11 जूनची शनिवारची सकाळ, साडेसहाला सुरू झाली, सातातल्या चार जिंकायच्या सिरीजमध्ये बॉस्टन 2-1 नं पुढं आणि मॅच त्यांच्याच घरी, वॉरियर्स हरले असते तर जवळजवळ संपलंच होतं. मी मोबाईल चहाच्या डब्याला टेकवून बघत होतो आणि चहा उतू गेला तरी उठलो नाही. करीनं 43 पॉइंट आणि 10 रिबाऊंड काढले. असिस्ट फक्त 4. पण त्याच्या टीममधल्या विगिन्सकडं बघ, ज्याच्याबद्दल लोक वर्षानुवर्षं म्हणत होते की मनापासून खेळत नाही, त्यानं त्या दिवशी 17 पॉइंट आणि 16 रिबाऊंड केले. मॅच जिंकले, पुढच्या दोन जिंकून सिरीज जिंकली, करीचं चौथं विजेतेपद आणि पहिला फायनल एमव्हीपी.

आणखी एक, या दोघांची तुलना करताना काळ विसरू नकोस. एनबीएत थ्रीची लाइन आली 1979-80 ला, म्हणजे मॅजिकच्या पहिल्याच सीझनला, आणि तेव्हा तिच्याकडं फारसं कुणी बघतही नव्हतं. करीनं 2015-16 च्या एका सीझनमध्ये 402 थ्री मारले, त्याआधीचं रेकॉर्ड 286, तेही त्याचंच. शिवाय 2004 नंतर डिफेंडरनं हातानं अडवून धरण्यावर रेफरी कडक झाले, त्यामुळं बाहेरच्या गार्डला मोकळीक वाढली. स्टीव्ह नॅश या पॉइंट गार्डचे दोन्ही एमव्हीपी, 2005 आणि 2006, त्यानंतरचेच. याचा अर्थ नॅश लहान असा नाही, नियम बदलला की तो सगळ्यात आधी कुणाला कळतो हेही कौशल्यच.

तिसरा मी ऑस्कर रॉबर्टसनला ठेवतो. 1961-62 ला अख्ख्या सीझनची सरासरी 30.8 पॉइंट, 12.5 रिबाऊंड, 11.4 असिस्ट. त्या काळात खेळ फार वेगात चालायचा, शॉट जास्त व्हायचे म्हणून रिबाऊंडही जास्त मिळायचे, ते वजा केलं तरी माणूस प्रचंड होता. आणि त्यानं खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष म्हणून लीगवर केस टाकली, ती 1976 ला मिटली आणि त्यातूनच खेळाडूंना टीम निवडायची मोकळीक मिळाली. आज जो तो करार संपल्यावर हवं तिथं जातो तो याच माणसामुळं, म्हणून मला त्याचं नाव घेताना जास्तच आदर वाटतो.

चौथा स्टॉकटन, पाचवा आयझाया थॉमस, आणि इथं माझं मन दर दोन-तीन महिन्यांनी बदलतं. आयझायानं 1989 आणि 1990 अशी सलग दोन विजेतेपदं घेतली, वाटेत जॉर्डनच्या बुल्सला 1988 पासून तीन वर्षं लागोपाठ हरवून. 1988 च्या फायनलच्या सहाव्या मॅचमध्ये मुरगळलेल्या घोट्यावर लंगडत एका क्वार्टरमध्ये 25 पॉइंट, आणि ती मॅच एका पॉइंटनं गेली. ते बघताना आजही पोटात खड्डा पडतो. ख्रिस पॉल सहावा. वेस्टब्रुकचे ट्रिपल डबल (एका मॅचमध्ये पॉइंट, रिबाऊंड, असिस्ट तिन्ही दहा किंवा जास्त) थोर आहेत, 2016-17 ला ऑस्करनंतर पहिल्यांदा तसा सीझन त्यानं केला, पण टेलचं माप लावलं तर तो माझ्या यादीत वर येत नाही. शे गिल्जस-अलेक्झांडरनं 2025 ला एमव्हीपी, विजेतेपद आणि फायनल एमव्हीपी एकाच वर्षी घेतलं, त्याला अजून खेळू दे.

तर तुमच्या मित्राचं. करीमुळं वाट मोकळी होते, पण शेवटचा निर्णय बऱ्याचदा ग्रीनच्या हातात असतो, एवढं त्याचं खरं आहे आणि तेवढ्याचसाठी मी करीला दुसरा धरतो. मॅजिककडं वाट मोकळी करणं आणि बॉल कुणाला द्यायचा हे ठरवणं, दोन्ही एकाच हातात होतं. पण करी पॉइंट गार्डच नाही असं तो म्हणत असेल तर त्याला त्या चौथ्या मॅचचा पहिला क्वार्टर परत बघायला लाव आणि सांग, बॉलकडं बघू नकोस, करीकडं बॉल नसतो तेव्हा बॉस्टनचे किती जण त्याच्याकडं तोंड करून उभे आहेत तेवढं मोज.