खडा फुटतो, मग कातडी कशी शाबूत राहते?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांच्या उजव्या मूत्रपिंडात १२ मिलिमीटरचा मुतखडा निघाला आहे. चिरफाड न करता ध्वनिलहरींनी तो फोडता येईल, असे डॉक्टर म्हणतात. ‘दगड फोडणारी लहर अंगाला कशी सोडेल?’ असे विचारून सासरे अडून बसले आहेत.
— एक वाचक, सावदा (जि. जळगाव)

उत्तर : सासऱ्यांची शंका रास्त आहे. ही लहर पाठीतून शरीरात शिरते तेव्हा बऱ्याच रुंद भागावर पसरलेली असते, म्हणून कातडीवर तिचा जोर विरळ पडतो. पुढे ती निमुळती होत जाऊन नेमकी खड्यावर एकवटते. शिवाय मांसात पाण्याचाच अंश मोठा असल्याने लहर त्यातून फारशी न अडखळता जाते आणि कठीण खड्यापाशी अडते. हवा मात्र तिला मुळीच मानवत नाही, म्हणूनच यंत्र आणि अंग यांच्यामध्ये जेल लावताना बुडबुडा राहू देत नाहीत.

कॅरमच्या सोंगट्या एकमेकींना चिकटवून ओळीत लावा आणि पहिलीवर स्ट्रायकर मारा. मधल्या जवळजवळ जागीच राहतात, शेवटची मात्र सुटून जाते. खड्यातही असेच काहीसे घडते. दाबाची लहर मागच्या कडेवरून उलटते आणि उलटताना ताण देते. दगड दाब पुष्कळ सोसतो, ताण सोसत नाही. भोवतालच्या द्रवात क्षणभर उठून फुटणारे सूक्ष्म बुडबुडेही खडा झिजवतात. मिनिटाला ६० ते ९० या गतीने असे दोन-तीन हजार आघात दिले जातात. म्युनिकमध्ये १९८० साली पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला.

इजा अजिबात होत नाही, असे मात्र मी लिहिणार नाही. पाठीवर काळेनिळे वळ उठतात, एक-दोन दिवस लघवी लालसर होते. सासरे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण तशा स्थितीत मूत्रपिंडाभोवती रक्तस्राव होऊ शकतो. फुटलेला चुरा लघवीवाटेच बाहेर पडायचा असतो आणि तो मूत्रनलिकेत अडकला तर कळा येतात. कळांसोबत थंडी वाजून ताप आला, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.

खानदेशातल्या वैशाखात, केळीच्या बागेत दिवसभर घाम गाळणाऱ्याची लघवी घट्ट होते आणि तीच खड्याला पोसते. लघवी पांढुरकी, फिकट होईल इतके पाणी त्यांनी पीत राहावे, अर्थात हृदयविकारामुळे पाण्यावर बंधन नसेल तर. उपचारानंतर लघवी गाळून सापडलेले कण डबीत ठेवून तपासणीला द्या. खडा कशाचा होता हे कळले, की खाण्यात काय बदलायचे ते डॉक्टर नेमके सांगू शकतील.