गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवली की इंजिनातून जळका वास येतो, पण टेम्परेचरचा काटा नॉर्मल आहे आणि कुठलीच लाईट लागत नाही. काय असेल? चालवू की नको?

काटा नॉर्मल आहे म्हणजे इंजिन गरम होत नाहीये एवढंच कळतं हो, काही जळत नाहीये असं नाही. माझाही हाच घोळ झाला होता म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या गाडीत पळताना काही नाही, सिग्नलला थांबलो की मिनिटाभरात आत वास. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि क्लचप्लेट गेली म्हणाला, मीपण मान डोलावली कारण थांबल्यावर वास म्हणजे क्लचच असणार असं मलाही वाटत होतं. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं नवीन बसलं, गाडी घेऊन निघालो आणि पहिल्याच सिग्नलला तोच वास!! अर्धी चूक माझीच, कारण वास कसला आणि कधी येतो हे मी नीट सांगितलंच नव्हतं, नुसतं "जळका" म्हणालो. जळक्यात पण प्रकार असतात.

क्लचचा वास जळलेल्या कागदा-पुठ्ठ्यासारखा असतो, चढावर किंवा ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी रेंगाळली की येतो आणि थोड्या वेळाने आपोआप जातो. रबराचा वास आणि सोबत बोनेटमधून किंचाळल्यासारखा आवाज असेल तर बेल्ट घसरतोय, एसी लावल्यावर वाढतो का बघा, कधीकधी बेल्ट बरा असतो आणि एखादी पुली किंवा अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करणारा) बेअरिंग जाम झालेलं असतं. गोडसर वास म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी. तो थोडाथोडा गळत असेल तर काटा बरेच दिवस नॉर्मलच राहतो, म्हणून इंजिन थंड असताना टाकीतली लेव्हल बघा (गरम असताना झाकण उघडायचं नाही, आत प्रेशर असतं, हात-तोंड भाजेल). वास चाकाकडून येत असेल तर थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्या, लावू नका, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं वाटलं तर ब्रेक चिकटतोय किंवा हँडब्रेक पूर्ण सुटत नाहीये.

आणि वायर-प्लास्टिक जळल्यासारखा वास असेल तर पुढचं वाचत बसू नका, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळे खाली उतरा. धूर नसेल आणि जमत असेल तरच बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बोनेटमधून धूर येत असेल तर बोनेट उघडू नका, हवा मिळाली की भडका उडतो. फ्यूज उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा फ्यूज टाकून काम चालवणारे महाभाग असतात, त्यांच्या नादी लागू नका, मग फ्यूजऐवजी वायर जळते.

तुमच्या वर्णनावरून मला तरी ऑईलच वाटतंय. करपट, जड, घशाशी बसणारा वास असेल आणि थांबल्यावर जास्त येत असेल तर जवळपास नक्कीच. कारण टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) रबर पॅकिंग वर्षानुवर्षं तापून कडक होतं, कडेने ऑईल पाझरतं आणि ओघळून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणारा पाईप) पडतं. इंजिन आणि ऑईल पूर्ण तापायला दहा-पंधरा मिनिटं लागतात म्हणून सुरुवातीला वास नाही, आणि गाडी पळत असताना वारा वास मागे घेऊन जातो, थांबलो की तोच वास वर येतो आणि काचेखालच्या जाळीतून ब्लोअर आत ओढतो. एसीचं बटण आतली हवा फिरवण्यावर ठेवून बघा, वास कमी झाला तर तो बाहेरून म्हणजे इंजिनकडून येतोय, तसाच राहिला तर आतच ब्लोअर किंवा वायरिंगचं काहीतरी.

अजून एक, नुकतीच सर्व्हिस झाली असेल तर ऑईल भरताना सांडलेलं असू शकतं किंवा विसरलेलं फडकं मॅनिफोल्डजवळ पडलेलं असतं (हसू नका, होतं असं). रस्त्यावरची प्लास्टिक पिशवी सायलेन्सरला चिकटली तरी दोन-तीन दिवस वास मारते.

तपासायचं कसं, तर इंजिन पूर्ण थंड असताना टॉर्च घेऊन टॅपेट कव्हर आणि त्याखालचा इंजिनाचा भाग (हेड) यांच्या सांध्यावर बघा, मागची बाजू नीट बघा कारण गळती बहुतेक तिकडेच असते आणि दिसत नाही, मी मोबाईल आत घालून फोटो काढला तेव्हा दिसली. धूळ बसून काळा चिकट थर झालेला असेल तर तो डीग्रीझरने पुसून घ्या, एक-दोन दिवस चालवा आणि परत बघा, ताजा ओलावा जिथून सुरू होतो ती जागा खरी, खालचे ओघळ फसवतात. डिपस्टिकही (ऑईलची लेव्हल बघायची पट्टी) बघा. सांध्यावर नुसता जाडसर चिकट ओलावा असेल आणि ऑईलची लेव्हल ठीक असेल तर गॅरेजपर्यंत सावकाश न्यायला हरकत नाही, पण थेंब मॅनिफोल्डवर पडून धूर दिसत असेल तर चालवू नका, लोड आला की मॅनिफोल्ड कित्येकशे डिग्रीला जातो, त्यावर ऑईल पेटू शकतं.

काम तसं छोटं आहे. पॅकिंग बदलताना स्पार्क प्लगच्या खड्ड्यातले रबर सीलपण बदलून घ्या, आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतला गॅस बाहेर काढणारा) चोक आहे का बघायला सांगा, तो तुंबला की आतलं प्रेशर वाढतं आणि नवीन पॅकिंगमधूनही ऑईल ढकलतं. बोल्ट जीव खाऊन आवळू देऊ नका, बऱ्याच गाड्यांत टॉर्क 10 न्यूटन मीटरच्या आसपासच असतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल, जास्त आवळलं तर कव्हर वाकतं किंवा प्लास्टिकचं असेल तर तडकतं आणि परत गळती.

काम झाल्यावर लगेच वास जाणार नाही, मॅनिफोल्डवरचं जुनं ऑईल जळून जायला थोडे दिवस लागतात. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, पहिल्याच संध्याकाळी वास आला आणि मी परत बोनेट उघडून टॉर्च घेऊन बसलो.